डिंकाच्या लाडवांचा काही दोष नव्हता

आई, लेक बाळंतपणाला आलीय, म्हणून आज डिंक तळायला घेतला. तुपात तो फुलायला लागला आणि तू आठवलीस. निमगावच्या घरी सकाळी चुलीपुढे बसून तू माझ्यासाठी लाडू वळायचीस. मी दहावीत होते, थाळीफेकीत तालुक्यात पहिली. आठवडी बाजारात तू भाजीवालीलाही ऐकवायचीस, "माझ्या लाडवाचं बळ हाय ते!" मला हसू दाबावं लागायचं. इंदापूरच्या मैदानावर खेळाच्या सरांनी फोटोच्या रोलच्या डबीतून दिलेल्या गोळ्या मी त्याच लाडवावर गिळत होते. "ताकदीच्या आहेत, घरी बोलू नकोस," एवढंच ते म्हणाले होते. थाळी लांब पडायला लागली, मग मी कशाला काय विचारते?

सहा महिन्यांत पाळी थांबली, हनुवटीवर केस आले, आवाज बाप्यासारखा झाला. तू मला बारामतीला डॉक्टरीणबाईंकडे नेलंस. त्यांनी विचारलं, "कसली औषधं घेतेस का?" मी मानेनंच नाही म्हटलं. तूच घाईनं पुढे झालीस. "औषध न्हाय वो बाई. मीच डिंकाचं लाडू चारलं. उष्ण पडलं पोरीला." बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मी फरशीकडे. परतीच्या एसटीत तू पदर तोंडाला लावून रडतेयस आणि मी खिडकीबाहेरचा ऊस बघतेय. त्या दिवशी गोळ्या सोडल्या, मैदानही सुटलं. तू वर्षभर मला गुलकंद आणि सब्जा देत राहिलीस. पाळी परत आली, आवाज काही आला नाही.

माझ्या बाळंतपणात तू डिंकाला हात लावला नाहीस. सासूबाईंना म्हणालीस, "तुमीच करा. माझ्या हातचं नगं, एकदा पोरीचं वाटोळं केलंय म्या." मी बाळाला घेऊन शेजारीच होते. सांगायला तोंड उघडलं आणि पाणी मागितलं.

तुला जाऊन बरीच वर्षं झाली. फोनवर लोक अजून मला दादा म्हणतात, त्याचं आता काही वाटत नाही. सरांची भीतीही केव्हाच गेली होती. मला तुझ्या नजरेतून उतरायचं नव्हतं गं, आणि तू मात्र स्वतःच्याच नजरेतून उतरलीस, ते मी बघत राहिले. आत्ता लेकीनं आतून विचारलं, "आजीचे लाडू कसे असायचे गं?" सांगून टाकायला चांगली वेळ होती. मी म्हटलं, "तिला नव्हते येत."