रोझी अकोल्याला जाते

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा. शेंदूरजनाघाट

आज निर्णय झाला. रोझी चालू करायची.

अडतीस वर्षं ती इथे संत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. डॅडींची लाल, दोन सीटांची विलायती स्पोर्ट्स कार. मायदेशी परतणाऱ्या मिलच्या गोऱ्या मॅनेजरकडून डॅडींनी ती अकोल्यात घेतली होती. दर दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालतात, बॉनेटवर हळदकुंकू वाहतात. मी आज कितीतरी वर्षांनी माहेरी आले आणि हेडलाइट्सकडे बघून डोळे भरून आले. ती मला ओळखत होती.

२२ डिसेंबरला अकोल्याला आमच्या कॉन्व्हेंटचं रीयुनियन आहे. मॅट्रिकचं पन्नासावं वर्ष. मी रोझी स्वतः चालवत गेटमधून आत जाणार. डॅडी मला हॉस्टेलवरून न्यायला असेच यायचे. निघताना सगळ्या मुली गाडीमागे धावायच्या. इतकं प्रेम आता कुठे बघायला मिळतं!

भाचा नितेश म्हणाला, आत्या, आजच घेऊन जा, वाटल्यास दोर मी बांधून देतो. त्याला शेड पाडून तिथे संत्री निवडायची मशीन बसवायची आहे. पण डॅडींचा शब्द होता की गाडी उभी आहे तोवर शेड मोडायची नाही आणि भगवंतला हलवायचं नाही. भगवंत शेडच्या मागच्या खोलीत राहतो. वय अठ्ठ्याहत्तर. मागेपुढे कोणी नाही. सोळाव्या वर्षापासून रोझी पुसतो.

नितेशच्या बायकोने, पौर्णिमाने, मला बाजूला घेतलं. "आत्या, गाडी गेली का हे दुसऱ्या दिवशी शेड पाडतीन. मग भगवंतबाबा कुठी जातीन?"

किती घाबरतात ही माणसं! मी म्हटलं, तो आमच्याकडे अमरावतीला येईल. आउटहाऊस रिकामंच आहे. माणसांची कदर माझ्यात डॅडींकडून आली आहे.

करायचं: ड्रायव्हिंग लायसन्स रिन्यू (२००३ मध्ये संपलं). लाल स्कार्फ शोधणे.

१७ ऑक्टोबर. अमरावती

रोझी आली. टेम्पोवर. गावापासून वरूडमार्गे इथपर्यंत भगवंत मागे तिच्या शेजारी उभा राहून आला, एक हात बॉनेटवर ठेवून. त्याचं सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि डॅडींचा फोटो.

वामनराव व्हरांड्यात पेपर वाचत होते. कृषी विद्यापीठात जन्म गेला, यंत्रांतलं काही कळत नाही. रोझीकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "हिला कुठे लावायची, की पेरायची?"

मी उत्तर दिलं नाही. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, उत्तर न देण्याची सवय आहे.

भगवंत आउटहाऊसमध्ये. मी स्वतः त्याला नवी चादर दिली. तो म्हणाला, "बेबीबाई, एवढी मोठी खोली मले काहून?" साधी माणसं!

२१ ऑक्टोबर, दुपार

बडनेरा रोडवरचा चंदन मिस्त्री आला. जुन्या गाड्यांत पूर्ण अमरावतीत त्याच्यासारखा कोणी नाही असं तो म्हणतो.

सीटमध्ये उंदरांची घरं. वायरी खाल्लेल्या. इंजिन जाम. हे सगळं किरकोळ. मग त्याने पेट्रोलची टाकी खाली खोलली आणि पाणी येतच राहिलं. बादली भरली. दुसरी मागवली. "मॅडम, एवढं पाणी तं आमच्या नळाले येत नाई!" टाकी आतून कुजली आहे आणि गंज इंजिनपर्यंत गेलाय.

भगवंत शेजारी उभा होता. हात जोडून म्हणाला, कौंडण्यपूरचं तीर्थ आहे ते. दर कार्तिकात जत्रेला जाऊन वर्धा नदीचं पाणी तो एका तांब्यात आणायचा आणि रोझीला पाजायचा. अडतीस तांबे.

मी विचारलं, कोणी सांगितलं तुला? "तुमीच सांगतलं होतं, बेबीबाई. मालक गेले तवा. भगवंत, गाडीतलं पाणी कमी पडू देऊ नको."

अरे, मी रेडिएटरबद्दल बोलत होते! तर म्हणे, बॉनेट उघडाची मालकांची मनाई होती, कुलपाची किल्ली तुमी घेऊन गेल्या, बाहीरून एकच झाकण उघडत होतं.

चंदन हसून खाली बसला. वामनराव व्हरांड्यातून आत निघून गेले, पण त्यांचे खांदे हलत होते.

किल्ली माझ्या दागिन्यांच्या डब्यात आहे, हे खरं. पण किल्लीचा आणि अकलेचा काय संबंध?

२३ ऑक्टोबर

भगवंतशी बोलत नाही. शिक्षा म्हणून नव्हे, त्याला विचार करायला वेळ मिळावा म्हणून. सिस्टर आम्हाला असंच करायच्या.

तो दिवसभर रोझीजवळ उकिडवा बसतो. दोन वेळा म्हणाला, म्या तिले मारलं का, बाई? मी मान फिरवली.

नितेशने फोटो पाठवला. शेड गेली. मातीचा ढीग, मागे भगवंतच्या खोलीचा फक्त ओटा उरलाय. नितेश लवकर कामं करतो, याचं कौतुक वाटतं.

फोटो भगवंतला दाखवला नाही. त्याला फोनमधलं नीट दिसत नाही.

९ नोव्हेंबर

जोरात प्रगती! इंजिन पूर्ण सुटं झालं. चंदनने प्रत्येक तुकडा रॉकेलमध्ये धुऊन वर्तमानपत्रावर मांडला. आता त्याला कोरडी, कुलूपबंद जागा हवी. आउटहाऊसच बरं.

भगवंतला तात्पुरतं जिन्याखाली हलवलं. तिथे हवा खेळती आहे. तो स्वतःच म्हणाला, "इंजिनाले झोपू द्या, बाई. मले कुठीही चालते." मला फार भरून आलं. शेवटी मीच त्याच्याशी बोलले. म्हटलं, मी तुला क्षमा केली.

क्षमा केल्यावर किती हलकं वाटतं!

स्कार्फ सापडला. कसर लागली आहे. दुसरा घ्यावा लागेल.

लायसन्स: उद्या.

१९ नोव्हेंबर

आरटीओत गेले. नव्याने टेस्ट द्या म्हणाले. एकवीस वर्षं झाली म्हणे. मी म्हटलं, १९७९ साली मी डॅडींच्या शेजारी बसून चिखलदऱ्याचा घाट उतरले आहे. खिडकीतली मुलगी म्हणाली, "मॅडम, शेजारीच बसल्या होत्या ना?"

आजकालच्या मुलींना बोलायची रीत नाही. टेस्टची तारीख घेतली नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२६ नोव्हेंबर

थंडी पडली. भगवंत खोकतो. वामनरावांनी जेवताना विषय काढला. त्याला आपल्या बैठकीत झोपू दे, दिवाण आहे. मी समजावलं की सीटचं नवीन लेदर दिवाणावरच वाळत घातलंय, उन्हात त्याला भेगा पडतात. वामनराव म्हणाले, "माणसाला भेगा पडत नाहीत का?" आणि ताटावरून उठले. आमच्या घरात अन्न टाकत नाहीत.

बराच विचार केला. भगवंतला गावची हवा मानवते. इथे तो कोमेजतोय. नितेशशी बोलले. तो म्हणाला, आत्या, शेड तं तुमी नेली, आता बाबाले कुठी ठेवू, मशीनवर? मी म्हटलं, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. पौर्णिमा मागून काहीतरी बोलत होती. लाइन खराब होती.

२८ नोव्हेंबर

भगवंतला एसटीत बसवलं. पेटी मांडीवर. खिडकीतून म्हणाला, "चालू झाली का सांगजा, बाई. मी ढकलाले येतो." मी हसले. ढकलायची वेळ येणारच नाही, वेड्या.

११ डिसेंबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटे

चालू झाली! चालू झाली! चालू झाली!

चार मिनिटं. मग धूर, मग एक ठोका, मग बंद. पण चार मिनिटं! सगळी कॉलनी गच्चीवर आली. समोरच्या माणिकबाईंनी वाळत घातलेले कपडे आत घेतले. त्यांना मत्सर वाटणं साहजिक आहे.

चंदन म्हणतो, चारच्या वर गॅरंटी नाई मॅडम, गरम झाली का रुसते. इंजिनमध्ये अजून तीर्थ आहे बहुतेक.

प्लॅन बदलला, पण मुळीच कमी झाला नाही. अमरावती ते अकोला टेम्पोवर. कॉन्व्हेंटच्या अलीकडच्या वळणावर उतरवायची. तिथून गेटपर्यंत दीडशे मीटर. दीडशे मीटरला चार मिनिटं म्हणजे चैन आहे. खरं तर हेच जास्त डौलदार. एवढ्या लांबून आलं की केस विस्कटतात.

लायसन्स: दीडशे मीटरला कोण विचारतं?

भगवंतला निरोप पाठवला. त्यानेही हा दिवस बघावा असं मला मनापासून वाटतं. शिवाय टेम्पोवरून उतरवायला एक माणूस कमी पडतोय.

२२ डिसेंबर, रविवार. अकोला

शांतपणे, जसं घडलं तसं लिहिते.

भगवंत पहाटेच्या एसटीने अमरावतीला आला होता. वाळला आहे. वामनराव म्हणाले, मी येत नाही, मला बघवणार नाही. त्यांना गर्दीचा त्रास होतो.

वळणावर रोझी उतरवली. नवा स्कार्फ, पांढरी साडी. चंदन टेम्पो लावायला पुढे गेला. मी किल्ली फिरवली आणि ती पहिल्या झटक्यात सुरू झाली. डॅडींची शप्पथ, पहिल्या झटक्यात! दीडशेतले शंभर मीटर गेले. मग स्पीडब्रेकर आला. नवा दिसतो, आमच्या वेळी नव्हता.

गचका. बंद.

गेट समोर दिसत होतं. आत सगळ्या जमलेल्या. मला उतरणं शक्य नव्हतं. साडीत त्या बुटक्या दारातून बाहेर येणं शोभलं नसतं. आरशात पाहिलं तर भगवंतने आधीच मागे हात टेकले होते. एकटाच. मी स्टिअरिंग धरलं, एक हात बाहेर काढला आणि हलवत हलवत आत गेले. चढ थोडा होता. मला जाणवला नाही.

आणि माझी हॉस्टेलची मैत्रीण शकुन, वजन नव्वद किलो, सगळ्यांदेखत ओरडली, "अगं गीतू! अजून ढकलतच आणता का?"

हशा. सगळ्या. एक सिस्टरसुद्धा.

मग शकुनने तिथल्या शिक्षिकांना माझ्यासमोर रंगवून सांगितलं. हिच्या डॅडींची गाडी एकदाही आपल्या पायांनी निघाली नाही. सुट्टी लागली की सिस्टर बेल द्यायच्या आणि आम्ही हॉस्टेलच्या पोरी रांगेत मागे लागायचो. डॅडी वर ऐटीत, ही शेजारी हात हलवत. सुरू झाली की काळा धूर आमच्या तोंडावर. "आणि ही वळून म्हणायची, बाय गर्ल्स!"

शकुनला कल्पनाशक्ती पहिल्यापासून आहे. काही जणींना ते सगळं खरं वाटलं, इतकंच.

तोवर भगवंत पायरीवर बसला होता. ओठ निळसर. त्याच्याभोवती घोळका झाला. कोणी पाणी दिलं, कोणी पंखा आणला, शकुनने स्वतःची शाल त्याच्या पाठीवर टाकली आणि विचारलं, बाबा, तुम्ही कोण? तो म्हणाला, "गाडीचा माणूस." सगळ्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. माझ्यामुळे त्याला केवढा मान मिळाला! हात धरून उठवलं तरी तो पुन्हा खाली बसत होता. आनंदाने.

ग्रुप फोटोत मी आहे. रोझीमागे. स्कार्फ दिसतो.

२४ डिसेंबर. अमरावती

रोझी पोर्चमध्ये. चंदन फोन उचलत नाही. जानेवारीत पुन्हा इंजिन खोलू. मार्चपर्यंत चिखलदरा.

भगवंतला अकोल्याहूनच परस्पर गावी पाठवलं. त्याला प्रवासाची सवय झाली आहे.

पौर्णिमाचा फोन. नेहमीसारखी नमस्कारसुद्धा न करता सुरू. "आत्या, बाबा शेडच्या जागेवरच झोपून राह्यले. त्या ओट्यावर. उघड्यावर. जेवाले येतात, पण घरात झोपा म्हटलं तं ऐकत नाईत. म्हणतात, गाडी वापस येईन तवा तिथी कोणी पाह्यजे ना. शकुनबाईंची शाल पातळ आहे. ह्यायले सांगून सांगून थकली मी. तुमी या, नाईतं तुमचं माणूस घेऊन जा."

तुमचं माणूस! मी म्हटलं, मी जाड ब्लँकेट पाठवते. उद्याच. वरूडच्या एसटीत कंडक्टरकडे देईन. वामनरावांचं मिलिटरीचं ब्लँकेट आहे, डबल, अस्सल लोकर.

मला त्याची फार आठवण येते. रोझी त्याच्यासारखी कोणी पुसत नाही.

२७ डिसेंबर

ब्लँकेट काढून उन्हात घातलं. कापराचा वास यायला नको.

वामनराव वरूडच्या एसटीच्या वेळा विचारत होते. मी म्हटलं, तुम्ही कशाला, मी सोमवारी करते.

३१ डिसेंबर

फार थंडी. वर्षाचा हिशोब मांडला तर मन भरून येतं. डॅडींची गाडी चार मिनिटं चालली, दिलेला शब्द पाळला, कोणाचं वाईट चिंतलं नाही.

पौर्णिमाचे तीन मिस्ड कॉल. आज शुभेच्छांचा दिवस, उद्या करीन.

ब्लँकेट पाठवायचं राहिलं. सध्या रोझीवर घातलं आहे. पहाटे फार दव पडतं.