तुमच्या गावचा गठ्ठा

नागपूर, मंगळवार

कुसुमताई,

आमदारसाहेबांनी तुमच्या नळयोजनेचं उद्घाटन केलं, तेव्हा नळाला आलेलं पाणी शाळेमागे लपवलेल्या टँकरचं होतं, हे तुम्हीच मला सांगितलंत. नाव गाळू का विचारलं, तर म्हणालात, "छापा ना भाऊ! डोळ्यानं पाह्यलं मी, काहून भिऊ?"

बातमी छापली आणि साहेबांनी माझ्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. बातमी खरी होती, पण ती खरी आहे हे मलाच सिद्ध करायचं होतं. तीन वर्षं कोर्टात नुसत्या तारखा घेत राहिलो. थकलो हो ताई. त्यांच्या वकिलाने लिहून आणलेल्या माफीनाम्यावर परवा सही केली.

तो आज आपल्या पेपरात पहिल्या पानावर आहे. 'गावातील एका महिलेने दिलेल्या खोट्या माहितीवर विसंबून,' असं त्यात म्हटलंय. तुमचं नाव नाही, पण गावाला ते सांगावं लागत नाही.

तुमच्याकडच्या एसटीने रोज आपले अकरा अंक जातात. आज सकाळी स्टँडवर जाऊन तो गठ्ठा मी स्वतः उतरवून घेतला. आता टेबलाखाली पडलाय. हे पत्रही त्यातच खोचून ठेवतो.

उद्या कोणीतरी मोबाइलवर दाखवेलच. आजचा एक दिवस तरी तुम्ही गावात खऱ्या राहा.

ज्याला तुम्ही भाऊ म्हणालात तो,
प्रेमानंद