नाकाचा निकाल आणि बोर्दोची बाटली

४ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून रोजनिशी. अन्यायाची नोंद कुठेतरी हवी.
सव्वीस वर्षं साबणाच्या कारखान्यात वास तपासतो आहे. माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय एक वडी दाराबाहेर पडली नाही. काल नव्या मॅनेजरने मला गोदामात पाठवलं. (उंच, किडकिडीत. मी मनात त्याला चिमटा म्हणतो.) कारण काय, तर मी पास केलेला गुलाबाचा साबण खवट निघाला म्हणे, आणि दुकानदारांनी खोकीच्या खोकी परत पाठवली. साबण उत्तम होता. लोकांची नाकं बिघडली आहेत. बदली तात्पुरती आहे, असं चिमटा म्हणाला. माझ्या नजरेला नजर न देता. घाबरतो मला.

त्याच दिवशी, संध्याकाळी
दूध करपलं. मी ओट्यापासून चार हातांवर पेपर वाचत होतो. ही बाहेरच्या खोलीतून धावत आली आणि मलाच बोलली. मी दुधाचा राखणदार नाही.

७ नोव्हेंबर
गोदाम. खोकी मोजली. परत मोजली. तिथे वास म्हणून काही नाहीच. नाकाला विश्रांती मिळते आहे, हे चिमट्याला कळलं तर तो चिडेल.
युक्ती सुचली आहे. पंचवीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा अत्तरं पुरवणाऱ्या फ्रेंच कंपनीच्या माणसाने मला एक बाटली दिली होती. रेड वाइन, बोर्दोची, तेव्हाच वीस वर्षं जुनी. "तुमच्यासारख्या नाकासाठी," म्हणाला होता. बुटांच्या कपाटात, आडवी, अंधारात ठेवली आहे. चिमट्याला जेवायला बोलवायचं, बाटली उघडायची, आणि त्याच्यादेखत एकेक वास वेगळा काढून दाखवायचा. दुसऱ्याच दिवशी मी परत माझ्या टेबलावर.

९ नोव्हेंबर
चिमटा यायला तयार. पुढच्या रविवारी दुपारी.
हिने विचारलं, मग माझ्या बहिणीलाही बोलवू का? म्हणजे साडूही आलाच. साडू, ऊर्फ सर्वज्ञ. पंधरा दिवस परदेशात राहून आला आणि तेव्हापासून पाण्याचा पेलासुद्धा हुंगून पितो. मी नाही म्हणालो. हिने बहिणीला फोन लावला. सर्वज्ञ येतो आहे.
बरंच झालं. एका दगडात दोन.

१२ नोव्हेंबर
अभ्यास. अशी जुनी वाइन दोन दिवस आधी उभी करून ठेवायची, म्हणजे गाळ तळाला बसतो. फार आधी दुसऱ्या भांड्यात ओतायची नाही, तासाभरात तिचा दम जातो. थंडगार नको, कोमट नको. ग्लास तिसरा हिस्साच भरायचा. वरची रिकामी जागा वासासाठी. हे शेवटचं वाक्य हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ही म्हणाली, पाहुण्यांना वाटेल बाटली पुरत नाही.
जेवण आजही बेचव. वर्षभर हिचा हात बिघडला आहे. मी काही बोलत नाही, फक्त मीठ घेतो.

१४ नोव्हेंबर
बाटली उभी केली. फ्रिजवर. कुणी हात लावायचा नाही, अशी चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठी मीच लावली, तर ही मलाच विचारते, कुणासाठी?

१६ नोव्हेंबर, संध्याकाळी साडेपाच
विजय. सविस्तर लिहितो.
सगळे साडेबाराला आले. बूच जुनं होतं, निम्मं आत पडलं. जुन्या वाइनचं ते लक्षणच आहे. चहाच्या गाळण्याने निभावलं. लेबल प्रत्येकाला दाखवताना बाटली जरा हलली, त्यामुळे गाळ वर आला. त्यानेही वाइनला अंग येतं, दाटपणा वाढतो.
आधी रंग. ग्लास पांढऱ्या रुमालासमोर तिरका धरून मी विटेच्या रंगाची कड दाखवली. मग हुंगायला सांगितलं. मेहुणी उठून खिडकीशी गेली. तिला सर्दी असावी. चिमट्याने हुंगलं आणि ग्लास खाली ठेवला. सर्वज्ञने नाक ग्लासात घातलं, थबकला, आणि हिच्याकडे पाहिलं. हिने मान किंचित हलवली. काय घरगुती खाणाखुणा चालल्या होत्या कोण जाणे.
मी सर्वज्ञला मत विचारलं. तो काही बोलला की ते खोडून काढायची तयारी होती. तो म्हणाला, "तुमच्यापुढे मी काय बोलणार? तुम्हीच सांगा."
शरणागती. साक्षीदारांसमोर.
मग मी सांगितलं. पिकलेला प्लम. देवदार. जुनं चामडं. पावसाळी रान, पण लांबून. घोट घेतला तर आंबट आणि तुरट, बाकी काही नाही. म्हणजे अभिजात. चिमट्याने हळूच विचारलं, आणखी कसला वास येत नाही का? मी म्हणालो, व्हायोलेटच्या फुलांचा, पण तो कसलेल्या नाकालाच येतो. त्याने मान डोलावली आणि फोनवर काहीतरी टिपून घेतलं. ग्लास तसाच सोडून गेला. भारावला असावा. सर्वज्ञने मात्र आपला संपवला, वर आणखी मागितली. अधाशी मेला.

१७ नोव्हेंबर
चिमट्याने केबिनमध्ये बोलावलं. पत्र दिलं. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडून तपासणी, खर्च कंपनीचा. म्हणजे माझ्या नाकाचं आता अधिकृत सर्टिफिकेट होणार. फ्रेम कुठे लावायची, हे हिला विचारलं. ही रुमालाची घडी घालत बसली.

१९ नोव्हेंबर
डॉक्टर. वयाने माझ्या मुलाएवढा, वागण्याने माझ्या बापाएवढा. डोळ्यांवर पट्टी बांधली आणि नाकाखाली सहा बाटल्या धरल्या. पहिलीला मी लव्हेंडर म्हणालो. दुसरीलाही. तिसरी, चौथी, पाचवीत नुसतं पाणी होतं, आणि मी ते स्पष्ट सांगितलं. सहावीने नाक झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं. मी ओरडलोच, अमोनिया!
डॉक्टर म्हणाला, बरोबर, पण तो वास नव्हे, नुसती आग आहे. ती कळणारी नस वेगळी. पाण्याची बाटली एकही नव्हती. तिसरीत कॉफी होती.
मग त्याने विचारलं, वर्षभरात मोठा ताप येऊन गेला का?
मूर्ख आहे. दुसऱ्या डॉक्टरकडे जाणार.

२० नोव्हेंबर, सकाळी
दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं म्हणून हिला फाइल मागितली. हिने दिली नाही. समोर बसली.
मी विचारलं, रविवारी त्या वाइनला वास कसला होता?
ही म्हणाली, "ओल्या पुठ्ठ्याचा. तळघरात कुजलेल्या."
सगळ्यांना आला?
सगळ्यांना. हिच्या बहिणीला मळमळलं. मी विचारलं, माझ्या नाकाचं तुला कधीपासून ठाऊक आहे? गेल्या हिवाळ्यातल्या तापापासून, म्हणाली. आज सांगतील, उद्या सांगतील, म्हणून ही वाट पाहत होती. मी म्हणालो, मलाच माहीत नव्हतं. हिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.
खरं लिहायचं तर, माहीत होतं. मार्चपासून मी रंग पाहून साबण पास करत होतो.

त्याच दिवशी, दुपारी
सर्वज्ञला फोन केला. चांगलं झापायचं ठरवलं होतं. विचारलं, अख्खा ग्लास का प्यायलात, वर आणखी का मागितलीत?
तो म्हणाला, "तुमचा साहेब बघत होता ना. निदान एकाने तरी प्यायला हवी होती."
मी फोन ठेवला.
मला चार लोकांत खोटं पाडलं असतं, तर चाललं असतं. तेवढं मी आयुष्यभर मनात धरून ठेवलं असतं, आनंदाने. या माणसाने मला सांभाळून घेतलं. याला क्षमा नाही.

२१ नोव्हेंबर, सकाळी
चिमट्याला चिठ्ठी लिहिली. गोदाम कायमचं चालेल. दोन ओळी. तीन वेळा लिहिली.
निघताना ही दारात आडवी आली. म्हणाली, शर्ट बदला.
का, ते विचारलं नाही. बदलला.