चष्मेवाल्याची संकटकालीन इंग्रजी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी दोन अंगं जमिनीला टेकत नाहीत, सहांवर भागवून घे.) तुझा गुडघा, तुझा रक्तदाब आणि तुझ्या डोक्यावर दिवसभर खिळे ठोकणारा तो वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, तिघंही आटोक्यात असतील अशी आशा करतो. मागच्या मंगळवारी आमच्या दारात आगीचा बंब उभा होता हे एव्हाना तुझ्या कानावर आलंच असेल. आग लागली नव्हती. काय लागलं होतं ते सांगतो, पण त्यासाठी जरा मागे जायला हवं.

चिरंजीव कामासाठी तीन महिने परगावी गेले आणि सूनबाई सहा महिन्यांच्या नातीला घेऊन आमच्याकडे राहायला आली, हे तुला ठाऊक आहे. तिला मराठी येत नाही, आम्हाला तिची भाषा येत नाही. मधे पूल म्हणून जी इंग्रजी आहे, ती माझ्याकडे ‘लेफ्ट आय’, ‘राइट आय’ आणि ‘नेक्स्ट लाइन प्लीज’ इथपर्यंतच पोचते. तीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवून एवढंच पदरी. तुझ्या भावजयीचं बरं आहे. ती सूनबाईशी खुशाल मराठीत बोलते, फक्त मोठ्याने. (समोरच्याला भाषा येत नसेल तर तो बहिरा असणार, हा तिचा जुना सिद्धांत.) सूनबाई प्रत्येक गोष्टीला हसून ‘फाइन’ म्हणायची. चहा कसा? फाइन. झोप लागली? फाइन. आम्हीही खूश, की पोर रुळली.

तरी मला चैन पडेना. सुनेशी दोन वाक्यं नीट बोलता येऊ नयेत म्हणजे काय! म्हणून वाचनालयाच्या माडीवर संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग भरतो, तिथे नाव घातलं. वर्गात आम्ही सात जण. सगळ्यात तरुण विद्यार्थी म्हणजे एक्कावन्न वर्षांचा कुलूपवाला. गुरुजी पूर्वी वर्तमानपत्रात होते. जाहिरात मोठी आली की ज्या बातम्या उचलून टाकाव्या लागत, त्या टाकायचं काम यांचं. कुठे तळं आटलं, कुठे टोळधाड आली, कुठे तीन वर्षं लोक तंबूतच आहेत. ती कात्रणं टोपलीत टाकवेनात म्हणून त्यांनी घरी नेली, आणि आता त्यांवरच आम्हाला शब्द शिकवतात. म्हणतात, “टेबल-खुर्ची उद्या विसराल. पण डबक्यातलं पाणी गाळून प्यायलेल्या माणसांची बातमी वाचली, की तिच्यातला शब्द जन्मात विसरणार नाही.” आणि खरंच सांगतो ताई, विसरत नाही.

अडचण एवढीच झाली, की दोन महिन्यांत मला दुष्काळ, साथ, युद्धबंदी, उपासमार सगळं इंग्रजीत यायला लागलं, पण मीठ मागता येईना. एकदा जेवताना भाजी अळणी लागली म्हणून मी सूनबाईला ‘अक्यूट शॉर्टेज’ म्हणालो, तर तिने घाबरून स्वतःच्या पानातली पोळी माझ्या पानात वाढली. दुकानात एका मास्तरीणबाईंना डावा डोळा ‘क्रिटिकल बट स्टेबल’ आहे म्हणून सांगितलं. त्या अजून चष्मा न्यायला आलेल्या नाहीत.

आता मंगळवार. दुकान बंद. सूनबाई पोस्टात गेलेली. तुझी भावजय न्हाणीघरात शिरली आणि आतून कडी अडकली. ती आतून मला सूचना देते आहे, मी बाहेरून दार ढकलतो आहे, तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या नळाची चावी माझ्याच हातात आली. (मधेच नातीची दुधाची बाटली धुवायला गेलो होतो.) म्हणून धावत जाऊन घराचं पाणी बंद केलं. न्हाणीत तिच्या डोक्याला साबण तसाच. नात बाटली तोंडाला लावू देईना. आणि टेबलावर सूनबाईचा विसरलेला फोन वाजायला लागला. तिची आई! विहीणबाईंचा फोन न उचलणं बरं दिसत नाही, म्हणून उचलला आणि जमेल तितक्या अदबीने परिस्थिती निवेदन केली. सिच्युएशन इज डिटीरिओरेटिंग, म्हटलं. वॉटर सप्लाय कोलॅप्स्ड. वन वुमन ट्रॅप्ड. चाइल्ड रिफ्यूजिंग फूड. त्यांनी मुलीबद्दल विचारलं. ‘घरात नाही’ याला आमच्या कात्रणांत एकच शब्द आहे. मी म्हणालो, “मिसिंग.”

फोन खाली पडल्याचा आवाज आला.

पुढचं तू जाणतेसच. त्यांनी चिरंजीवांना कळवलं, चिरंजीवांनी बंब धाडला. सूनबाई पोस्टातून परतली तो दारात शिडी, जवान आणि अख्खी गल्ली. जवानांनी दार फोडलं. तुझी भावजय डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि कोणी काही बोलायच्या आत जवानांच्या साहेबांना म्हणाली, “चहा घेऊन जा, आणि जाताना तेवढा नळ बघा.”

मुलगी सुखरूप आहे असं चिरंजीवांनी आणि स्वतः सूनबाईनेही फोनवर दहादा सांगितलं, तरी दुसऱ्या दिवशी विहीणबाई थडकल्याच. दोन बॅगा: घोंगड्या, दुधाच्या पावडरचे डबे, विजेरी, आणि एक लांबलचक दोर. (दोर कशासाठी, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्या शाळेत भूगोल शिकवतात.) मी कान धरले, तर त्यांनी मला तिथल्या तिथे ‘मिसिंग’ आणि ‘आउट’मधला फरक समजावला. पण ताई, सांगायचं आहे ते पुढेच. सूनबाई आईच्या गळ्यात पडली आणि रडली. बंबाच्या धसक्याचं रडणं पाच मिनिटांत आटपतं. हे आटपेना. मी आणि तुझी भावजय दाराशी उभे. मला एकदम वाटलं, ही बातमी दोन महिने आपल्याच घरात होती आणि आपण छापली नाही.

संध्याकाळी मी स्टूल ओढून तिच्याशेजारी बसलो. विचारायला शब्द होता तो एकच. म्हटलं, “यू... डिस्प्लेस्ड?” तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग मला समजेल अशा बेताने सावकाश सांगितलं, की दुपारी घरात आपली भाषा बोलायला कोणी नसतं, तेव्हा ती कपडे धुवायच्या मशीनशी बोलते. मशीन चालू असलं की कोणी ऐकतंय असं वाटतं. मला धीर द्यायचा होता, पण कात्रणांत धीराचे शब्द फार कमी. शेवटी म्हणालो, “रिलीफ इज कमिंग.” ती इतकी हसली, की आतून नात घाबरून रडायला लागली.

तुझ्या भावजयीला मी हे सगळं मराठीत सांगितलं. ती लगेच उठली, सूनबाईचा हात धरला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, “अगं, मग सरळ सांगायचं, मला करमत नाही.” सूनबाईने ते वाक्य तीनदा घोकलं. आता रोज दुपारी ती नातीला घेऊन दुकानात येते, मला मीठ, चमचा, झाकण असले बिनसंकटाचे शब्द इंग्रजीत शिकवते आणि गिऱ्हाइकांना विचारते, “करमतंय का?” गिऱ्हाइकं खूश होऊन तासतासभर बसतात. विहीणबाई परवा जाणार होत्या, पण लंगोट कसे घडी करावेत यावर त्यांचं आणि तुझ्या भावजयीचं भांडण अजून मिटलेलं नाही. दोघी आपापल्या भाषेत भांडतात आणि एकमेकींना सगळं समजतं.

बाकी सर्व ठीक. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : गुरुजींनी गृहपाठ दिलाय, की कोणीच घेत नाही अशी एखादी जवळची बातमी शोधून आणा. मी तुझी पत्रं काढली. भावोजी गेल्यापासूनची पाच. पाचही पत्रांत सगळं क्षेम आहे आणि पाचांतलं अक्षर उत्तरोत्तर बारीक होत गेलंय. मी चष्मेवाला आहे, ताई. अक्षर डोळ्यांमुळे बारीक होत नाही. शुक्रवारी न्यायला येतो. दोन महिन्यांचे कपडे बांधून ठेव. नाही म्हणायचं असेल तर मराठीत म्हण. ती भाषा हल्ली मला कमी समजते.

दुसरा ता. क. : पत्र तुझ्या भावजयीने वाचलं. म्हणते, एवढं पाल्हाळ लावण्यापेक्षा एक शब्द लिहायचा होता. तिचं म्हणणं बरोबर आहे. वरचं सगळं खोडलं असं समज.

ये.