वोंगानीला मारलेली हाक

रुंफी, ४ मे

चि. लुसुंगू,
अ. उ. आ.

तुझा फोन वाजून वाजून बंद होतो, म्हणून हे पत्र झोंब्याच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. छावणीच्या फाटकावर टाकून येऊ नकोस, जिराफासारख्या मानेचा जो शिपाई असेल त्याच्याच हातात दे, असं त्याला बजावलंय. राग मानू नकोस, खूण तर सांगायला हवी होती.

आम्ही ठीक. तंबाखूला यंदा भाव नाही, त्यामुळे तुझे भाऊजी मांजरावरसुद्धा खेकसतात. पोरीचे दिवस भरत आलेत, मला करोंग्याला तिच्याकडे जावं लागेल.

आता मुद्द्याचं. वोंगानीच्या थडग्यावर जूनमध्ये दगड बसवायचा आहे. त्यावरचं कापड काढताना तू चार शब्द बोलावेस, असं तुमच्या वर्गातल्या सगळ्यांनी ठरवलंय. शाळेत गुडघा खरचटला तरी डोळे मिटणारा तो, सैन्यात जखमींची मलमपट्टी करणारा मेडिक झाला तेव्हा सर्वांत जास्त तूच हसला होतास. तो काँगोतल्या लढाईत मारला गेला तेव्हा जवळ असलेला आपल्यातला माणूसही तूच.

त्याची आई, न्यागोंद्वे मावशी, दर रविवारी चर्चबाहेर माझा हात धरून विचारते, की लुसुंगू कधी येणार. नाताळात तू म्झुझूच्या स्टँडपर्यंत येऊन परत फिरलास, हे मला कळलंय. तिला मी सांगितलेलं नाही. पण तुझ्यासाठी किती दिवस खोटं बोलू?

उत्तर लवकर धाड. आठवण धरणारी,
तुझी तिवोंगेताई

झोंबा, १३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, मी येणार नाही. वीरांबद्दल छातीठोकपणे बोलणारे पुष्कळ मिळतील. मला बोलायला लावू नका.

सगळे म्हणतात, वोंगानी जखमी साथीदाराला आणायला धावला आणि गोळी लागून गेला. तो साथीदार मी, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापुढचं ठाऊक नाही. टेकडीखालच्या ओढ्यात माझ्या मांडीला गोळी लागली. वर भिंतीआड आमची तुकडी होती. गोळीबार थांबेपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही, असा साहेबांचा हुकूम होता, आणि वोंगानी थांबलाही होता. मग मी ओरडलो. मेडिक म्हणून नाही, त्याचं नाव घेऊन ओरडलो, पुन्हा पुन्हा. मरतोय, ये, असं म्हणालो. तो आला. पट्टी बांधून झाली आणि मला उचलायला वाकला, तेव्हा त्याला लागली.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी नंतर जखम पाहिली. नशीबवान आहेस म्हणाले, हाड शाबूत, मोठी नस शाबूत, संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहिला असतास तरी काही झालं नसतं. त्यांना वाटलं, मला बरं वाटेल.

हे मावशीला कसं सांगू? आणि न सांगता तिच्या हातचा मक्याच्या पिठाचा सिमा कसा खाऊ? म्हणून स्टँडवरून फिरलो.

माझ्यावर रागाव, पण तुटू नकोस.
तुझा लुसुंगू

रुंफी, २५ मे

चि. लुसुंगू,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राचं ओझं मला एकटीला पेलेना. मावशीला वाचून दाखवलं. तुला न विचारता केलं, याची टोचणी आहे. ती शेंगा सोलत होती. टोपली बाजूला ठेवून घरात गेली आणि दोन दिवस दार उघडलं नाही. आज निरोप धाडून बोलावलं आणि म्हणाली, मी सांगते तसं लिही, तुझ्या पदरचं काही घालू नकोस. तेव्हा पुढचे शब्द तिचे.

लुसुंगू, तुझी चूक नाही असं मी म्हणणार नाही. ते पाद्रीबाबा म्हणतील, तुझी ताई म्हणेल. तू हाक मारली नसतीस तर माझा मुलगा घरी आला असता, असं मला दोन दिवस वाटलं, आताही वाटतंय. पण त्याला तुझी हाक ऐकू आली आणि तो बसून राहिला असता, तर तसा मुलगा मला कसा वाटला असता, तेही कळत नाही. लष्कराचे साहेब येतात, टोप्या काढतात, वीरमाता म्हणतात, चहा पितात, जातात. त्यांच्यावर ओरडता येत नाही. तुझ्यावर येईल. आमच्या आंब्यावरून तुला कान धरून खाली उतरवलंय मी. माया होती तेवढीच आहे, पण तिच्याशेजारी आता राग आहे. दोन्ही घ्यायला ये.

एवढं सांगून मावशी उठून गेली. मी उद्या करोंग्याला निघतेय. तुला तिच्यासमोर एकट्यानेच उभं राहावं लागेल.
तुझी ताई

रुंफी, २० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नात झाल्याचं कळलं. नाक तुझ्यावर गेलं नसेल, एवढीच प्रार्थना.

मी आलो, आणि बोललोही. दगडावरचं कापड काढल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, मी का ओरडलो आणि जखम कशी होती ते. कुजबुज सुरू झाली. पाद्रीबाबांनी घाईघाईने गाणं धरलं, मावशीने हात वर करून थांबवलं. मला विजार वर करायला लावली. तिला मोतीबिंदूमुळे दिसेना, म्हणून खाली बसून बोटांनी व्रण चाचपला. एवढीच का जखम, असं विचारलं. मी हो म्हणालो. मग ती ओरडली, ताई. आवाज बसेपर्यंत ओरडली. भित्रा म्हणाली, चोर म्हणाली, माझं पोर कुठे टाकून आलास म्हणाली. कुणी तिला अडवलं नाही. मीही मान खाली घातली नाही.

जेवणं उरकल्यावर मी पिशवी उचलली, तर तिने दरडावलं, की शेतातला मका कोण काढणार. तेव्हापासून इथेच आहे. जेवायला वाढते, पण माझ्याकडे बघत नाही. रोज एखादी गोष्ट विचारते. तिथे थंडी होती का, तो जेवायचा का, ओढ्यात आल्यावर काय म्हणाला. त्याने मला शिव्या दिल्या म्हणालो, तर कुठल्या ते सांगायला लावलं.

माफ केलं का, असं तू विचारशील. मी विचारलेलं नाही, तिने सांगितलेलं नाही. काल मक्याचं पोतं घेऊन परतताना माझी मांडी भरून आली आणि मी मागे पडलो. ती पुढे होती. थांबली, आणि बस जरा, म्हणाली. मग माझ्याकडे पाठ करून, मी उठेपर्यंत वाटेतच उभी राहिली.

बाळाला माझा पापा. तुझ्या आशीर्वादाची वाट पाहणारा,
लुसुंगू