पाकिटावरचा फोटो

सोनगीर
रविवार, १२ एप्रिल

सकाळी नळाला पाणी आलं. दुपारी नीलेश धुळ्याहून आला, सोबत एक गृहस्थ होते. चहा झाला. तासाभराने दोघे गेले. ऊन फार होतं.

प्रिय अक्का,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. मी काही लिहिणारी नाही. आपण दोघी जावांनी इतकी वर्षं एका घरात काढली, पण बोलायच्या तुम्ही आणि ऐकायचे मी. आज मात्र तुम्हालाच विचारण्यासारखं काही आहे, म्हणून लिहिते.

तुमच्या नीलेशसोबत आलेला माणूस पाकीटबंद पदार्थांच्या कंपनीचा होता. त्यांना बिबड्या विकायच्या आहेत; तो बिबड्यांना 'ज्वारीचे पापड' म्हणत होता. नावही ठरलंय, 'अक्काची बिबडी'. पाकिटावर तुमचा फोटो हवाय! माझ्या मोबाइलमधला, गच्चीवरचा. डोक्यावर पदर, मनगटापर्यंत शिजवलेल्या ज्वारीचा घाटा, आणि तुम्ही हसताय.

माणूस फार गोड बोलत होता. "काकू, आम्हाला जुनी चव जपायची आहे." मला तुम्हीच आठवलात. दारावर मसालेवाला आला की म्हणायच्या, "गोड बोलस त्यानी थैली पहिले देख!"

मग थैली पाहिली. त्याने नमुन्याचं पाकीट आणलं होतं. पुढे ज्वारीचं टपोरं कणीस. मागे बारीक अक्षरं. चष्मा लावून वाचलं. आधी मैदा, मग कसलासा स्टार्च. लसूण नाही, लसणाचा स्वाद. ज्वारी पार खाली, मिठाच्या शेजारी.

मी विचारलं तर म्हणाला, "ज्वारीची प्रवासात तुटते हो काकू. आणि शहरातल्या लोकांना पांढरी लागते."

"मग शहरातल्या बाईचा फोटो लावा," मी म्हटलं. कसं तोंडातून गेलं कोण जाणे! नीलेश माझ्याकडे बघतच राहिला.

त्यातली एक गॅसवर धरली. आपली भाजताना फुलते, लसणाचा वास शेजारच्या घरापर्यंत जातो. ही आक्रसली आणि काळी पडली.

"तळायची असते, काकू."

तो गाडीकडे गेल्यावर नीलेश चिडला. "मनी माय व्हती ती, काकू. तिचं नाव होतंय, तर तुझं काय जातं?"

काय जातं माझं? तो तुमचा मुलगा, मी धाकटी जाऊ. तरी म्हटलं, "ही खाऊन कोणी म्हणालं, अक्काच्या हाताला चवच नव्हती, तर?"

तो अर्धा चहा तसाच टाकून उठला. "पुढच्या रविवारी येतो. फोटो शोधून ठेव," एवढंच म्हणाला. त्याने आधीच होकार देऊन टाकलाय, असा मला संशय आहे. माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

खरं सांगू का? संशय तुमचाही येतो. फोटोची तुम्हाला भारी हौस. दुकानात पाकिटावर स्वतःला पाहून हरखला असता ना? मग पाकीट उलटं करून माझ्या हातात दिलं असतं. "वाच वं सुनंदा, काय शे यामा?" तुम्हाला वाचता येत नव्हतं, पाकिटं मीच वाचून दाखवायचे. हेही वाचून दाखवलं असतं, अक्का. एक अक्षर गाळलं नसतं. मग तुम्ही काय म्हणाला असता?

यंदा गल्लीत कोणीच बिबड्या घातल्या नाहीत. दुकानात मिळतात, म्हणतात सगळ्या. ओली बिबडी तेल लावून खायला पोरं गच्चीवर धावायची, आता गच्ची रिकामी आहे. आणि तुम्ही तरी काय केलंत? घाट्यात मीठ किती, हे कधी सांगितलं नाहीत! "हातले समजस," म्हणायच्या. माझ्या हाताला अजून समजत नाही.

पण शब्द देते. नीलेश रागावला, येणं बंद केलं, तरी हा फोटो माझ्या हातून त्या पाकिटावर जाणार नाही. आणि तो रविवारी आला, तर घरात भाजायला बिबडी असेल. खारट झाली तरी ज्वारीची असेल.

मोठं पातेलं माळ्यावरून काढलं. एकटीपुरती ज्वारी निवडली, मग नीलेशसाठी आणखी दोन ओंजळी घेतल्या. धुऊन भिजत घातली. वर ताट झाकलं.

तुमची धाकटी जाऊ,
सुनंदा