ट्रेव्हरचं ‘येट’

ब्लॅकटाउन, सिडनी
१२ ऑगस्ट

तीर्थरूप गुरुदत्तमामांस सुखदाचा साष्टांग नमस्कार (अंतरामुळे सध्या कागदावरच).

मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला घरातली सगळी धूळ दिसायला लागली आणि मामींचं जगणं अवघड झालं, असं कळलं. डोळ्यांत थेंब वेळेवर घाला. इकडे माझा लेक विहान मजेत आहे. मी संतापलेय.

तुम्हाला ठाऊकच आहे, पाठ धरली तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पाठ बरी झाल्यावरही मला सुटेनात. मग उपचार घेतले, अजूनही महिन्याला एक इंजेक्शन घेते, आणि दीड वर्षात एकही गोळी नाही. कामावर आरोग्याचा फॉर्म आला, त्यात हे खरंखरं लिहिलं (नागरिकशास्त्र तुम्हीच शिकवलंत, दोष तुमचा). दुसऱ्या दिवशी मॅनेजर ट्रेव्हर म्हणाला, “तुझ्याच भल्यासाठी, मेट,” (म्हणजे दोस्ता!) आणि सॉस फॅक्टरीच्या लॅबमधून उचलून मला रिसेप्शनवर बसवलं. नऊ वर्षं सॉसचा आंबटपणा मोजणारी बाई आता पाहुण्यांच्या छातीवर स्टिकर चिकटवणार. कारण काय, तर लॅबमध्ये स्पिरिट असतं, ते मी पिईन. (रिसेप्शनवर सॅनिटायझरचा पाच लिटरचा कॅन माझ्या कोपराशी होता, त्याची कोणाला काळजी नव्हती.) मी कामाला फिट असल्याचं डॉक्टरांचं पत्र ट्रेव्हरनं न उघडताच फायलीला लावलं. वर रोज घरी निघताना पर्स तपासायची. फक्त माझी.

युनियनची निहारिका म्हणाली, व्यसनातून बरं होणाऱ्या माणसालाही इथं अपंगत्वाच्या कायद्याचं संरक्षण मिळू शकतं. आधी मी तिच्यावरच चिडले. अपंग कोण? ती शांतपणे म्हणाली, “शब्दावर नंतर भांडू. आधी लॅब परत घेऊ.” सरकारी आयोगाकडे तक्रार केली. तीन महिन्यांनी समेटाच्या बैठकीत अधिकारी बाईंनी ट्रेव्हरला विचारलं, हिनं नेमकी चूक काय केली? तो कागद चाळत म्हणाला, “नथिंग... येट.” म्हणजे, अजून तरी काही नाही.

मामा, नऊ वर्षांत कामावर कधी आवाज चढवला नव्हता, तो त्या ‘येट’वर चढवला. मराठीत. (शब्द एकट्या निहारिकाला कळले, अर्थ सगळ्यांना.) लेखी माफी मिळाली, लॅबही मिळाली, पर्स आता कोणी उघडत नाही. राग मात्र उतरत नाही.

तुमची,
सुखदा

ता. क. : डिसेंबरात विहानला घेऊन पुण्याला येतेय.

आणखी एक ता. क. : हे पत्र ट्रेव्हरविषयी आहे असं तुम्हाला वाटलं असेल. गेल्या खेपेला मामींच्या गुडघेदुखीच्या गोळ्या तुम्ही तीन आठवडे लेंग्याच्या खिशात घेऊन फिरत होतात. चालताना वाजायच्या. मी सगळ्यांसमोर हसत पोहे खायचे आणि बाथरूममध्ये जाऊन रडायचे. या वेळी गोळ्यांच्या कपाटाला खुशाल कुलूप लावा. फक्त लावलंय, असं मला तोंडावर सांगा.